मागे राहिलेल्या गांधीलमाश्या

विजेचा झटका मला आयुष्यात दोनदाच बसला. गांधीलमाश्या किती वेळा चावल्या, त्याची मोजदाद नाही. बत्तीस वर्षं मी आजरा तालुक्यात लाइनमन होतो. खांबाच्या डोक्यावर, आडव्या लोखंडी पट्टीच्या पोटात, डब्याच्या झाकणाआड, जिथे म्हणून सावली तिथे या बयांचं पोळं असायचंच. कमरेला पट्टा बांधलेला, दोन्ही हात अडकलेले, पळायचं तरी कुठे? म्हणून आमची एक पद्धत होती. काठीला चिंध्या गुंडाळायच्या, ट्रान्सफॉर्मरच्या जुन्या तेलात बुडवायच्या आणि संध्याकाळी पेटवून पोळ्याला लावायच्या. याला आम्ही टेंभा म्हणत असू. टेंभ्यात मी पटाईत होतो. दुसऱ्या सेक्शनचे साहेबही मला बोलावून न्यायचे. मला त्याचा अभिमान होता हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे सांगायचं आहे त्यात अभिमानाला फारशी जागा नाही.

आता खांबांवर यंत्रं चढतात. मी निवृत्त झालो ते साल दोन हजार एकोणचाळीस. त्यानंतर वर्षभराने, एका सकाळी, माझी बायको रंजना परसात धुणं वाळत घालत होती. तिला मानेवर दोन गांधीलमाश्या चावल्या. मी अंगणात पेपर वाचत होतो. तिने हाक मारली ती अर्धवटच आली. जाऊन बघतो तर ओठ सुजलेले, अंगभर गांधी उठलेल्या, श्वास घशात अडकलेला. गडहिंग्लजच्या दवाखान्यात पोचेपर्यंत ती निळी पडली होती. वाचली, पण डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "या वेळी वीस मिनिटं मिळाली. पुढच्या वेळी पाचसुद्धा मिळणार नाहीत." अंगाला विषाची सवय लावायची इंजेक्शनं असतात, ती दोनदा करून पाहिली. तिला सोसली नाहीत.

तेव्हापासून आमच्या घराला सगळीकडून जाळी बसली. मागचं दार बंद. धुणं माजघरात दोरीवर. रंजनाच्या कनवटीला कायम औषधाचं पेन, म्हणजे मांडीत टोचायची तयार सुई. जिचा अर्धा जन्म परसात गेला, कढीपत्ता, लिंबू, अबोली हीच जिची माणसं, ती तीन वर्षं जाळीतून परसाकडे बघत राहिली. कधी तक्रार केली नाही. तिने तक्रार केली असती तर मला बरं वाटलं असतं.

लोकांना मी सांगायचो, "गांधीलमाशी ती, तिला काय कारण लागतंय? आली आणि चावली." हे खोटं होतं. कारण होतं, आणि ते मला माहीत होतं. आदल्या संध्याकाळी न्हाणीच्या पत्र्याखालचं पोळं मी टेंभ्याने जाळलं होतं. रंजना तेव्हा देवळात गेली होती. पोळं साफ जळालं, मी काळा डाग फडक्याने पुसला आणि जेवायला बसलो. हे मी कुणालाच सांगितलं नाही. आधी भीतीने, नंतर सवयीने.

*

मधल्या काळात तालुक्यात एक उलटंच झालं. काजूच्या बागांवर अळी पडली. फवारण्यांनी मधमाश्या मेल्या होत्या म्हणून फवारणीवर आधीच बंदी आलेली. मग कृषिवाल्यांनी शोधून काढलं की गांधीलमाश्या आपल्या पिल्लांना अळ्याच भरवतात. एक पोळं दिवसाला शेकडो अळ्या उचलतं. झालं! ग्रामसभेने ठराव केला की पोळी जाळायची नाहीत. दोन वर्षांत अळी हटली, काजू आला, आणि गांधीलमाश्या घराघराच्या वळचणीला आल्या. मी ग्रामसभेत उभा राहून वाट्टेल ते बोललो. लोकांनी ऐकून घेतलं, कारण रंजनाचं सगळ्यांना ठाऊक होतं, पण ठराव काही बदलला नाही.

आणि यंदा पौषात आमच्या परसातल्या पेरूवर पोळं लागलं. मागच्या दारापासून बारा पावलांवर, माणसाच्या डोक्याच्या उंचीला, बशीएवढं. मी न्हाणीमागून जुना टेंभा काढला.

"ठेवा तो," रंजना जाळीच्या आतून म्हणाली. "ईश्वरी येणार आहे शनिवारी."

ईश्वरी आमची मुलगी. कोल्हापुरात कीटकांच्या प्रयोगशाळेत असते. आईला ते दोन डंख बसले तेव्हा ती शिकत होती, आणि त्यानंतर तिने हाच विषय धरला. घरात आम्ही यावर कधी बोललो नाही. शनिवारी ती आली ती जेवणाच्या डब्याएवढं एक यंत्र घेऊन.

"पप्पा, गांधीलमाशीला घरचं कोण आणि परकं कोण हे कसं कळतं, सांगा बघू?"

"मला काय विचारतेस? मी त्यांना फक्त जाळलंय."

तिने समजावून सांगितलं, आणि मला समजलं म्हणजे तुम्हालाही समजेल. प्रत्येक गांधीलमाशीच्या अंगावर मेणाचा पातळ थर असतो. त्या मेणात वीस-बावीस प्रकारचे पदार्थ. सगळ्या पोळ्यांत तेच पदार्थ, पण प्रत्येक पोळ्याचं प्रमाण वेगळं, जशी घरोघरच्या आमटीची चव वेगळी. पोळ्यावर कुणी उतरलं की दारातली माशी मिशांनी त्याला चाचपते. प्रमाण जुळलं तर ये घरात, नाही जुळलं तर डंख. ईश्वरीच्या यंत्रात पोळ्याचा नखाएवढा तुकडा टाकायचा. आत एक चकती आहे, तिच्यावर माशीच्या मिशांत असतात तीच प्रथिनं वाढवलेली आहेत. ती वास ओळखते, आणि मग यंत्र बावीस कुप्यांतून थेंब थेंब घेऊन त्याच प्रमाणाचं तेल करून देतं. ते अंगाला लावलं की त्या पोळ्यापुरते आपण घरचे. चार तास. घाम आला तर तीन.

"आणि धोका वाटला की त्या दुसरा एक वास सोडतात," ती म्हणाली. "विषाबरोबरच सुटतो तो. आपल्या नाकाला पिकल्या फणसासारखा लागतो. तो आला की सगळ्या त्या दिशेला तुटून पडतात. तरीही डंख मारण्याआधी जवळ आलेल्याला मिशा लावतात. घरच्याला सोडतात. म्हणून पोळं जाळणं सगळ्यात वाईट, पप्पा."

"का? जळालं की संपलं."

"संपत नाही. बाहेर गेलेल्या काही तिथंच आसपास रात्र काढतात. सकाळी येऊन बघतात तर घर नाही. मग जळालेल्या पोळ्याचा, त्या विषाचा वास ज्याला लागलेला असेल त्याच्यावर जातात. काठी असो, कपडा असो."

मी यंत्राच्या झाकणाकडे बघत बसलो. कपडा, ती म्हणाली होती. त्या सकाळी बादलीत कुठले कपडे होते हे मला लख्ख आठवलं. आदल्या संध्याकाळी मी घातलेला खाकी शर्ट होता.

रंजना शेवयांची खीर वाढत होती. तिने माझ्याकडे पाहिलंही नाही.

*

रात्री ईश्वरीने लांब चिमट्याने पोळ्याचा तुकडा काढून तेल केलं. ते आधी मी लावून बघणार, हे मी ठरवून टाकलं. बायकोवर प्रयोग करायला मी काही वेडा नव्हतो. मनगटं, मान, गाल, कपाळ. तेलाला आम्हाला जाणवेल असा वासच नव्हता. पेरूपाशी गेलो, हात पोळ्याजवळ धरला. बत्तीस वर्षांची खोड, खांदे आपोआप वर आले. एक माशी उडाली, माझ्या अंगठ्यावर बसली, मिशा टेकवल्या, मनगटापर्यंत चालत गेली आणि कामाला निघून गेली. बस्स. जन्मभर ज्यांना जाळलं त्यांनी मला घरात घेतलं होतं. मला रडूच आलं. ईश्वरीला वाटलं, चावली.

आठ दिवस रोज मीच लावलं. एकदाही डंख नाही. नवव्या दिवशी रंजना म्हणाली, "आता मी."

"अजिबात नाही."

"ईश्वरी म्हणते तसं पोळं बागेत हलवलं तरी उद्या दुसरं लागेल. तिसरं लागेल. मी काय मरेपर्यंत जाळीत बसू?"

ईश्वरी तेव्हा कोल्हापूरहून फोनवर होती. तिने आधी मला पेनावरची मुदत वाचून दाखवायला लावली. मग म्हणाली, "पप्पा पेन घेऊन शेजारी उभे राहणार असतील तर जा. पोळ्यापासून लांब. आधी पाचच मिनिटं."

मागचं दार मी उघडलं. रंजना पायरीवर थांबली, मग अनवाणी मातीत उतरली. सरळ कढीपत्त्याकडे गेली आणि त्याची वाळकी पानं खुडायला लागली. पाच मिनिटांची पंधरा झाली. माझ्या हातातलं पेन घामाने ओलं झालं होतं.

चार दिवसांत ती परसात रुळली, आणि मग तिला दुसरंच सुचलं. "रथसप्तमीला हळदीकुंकू करते. परसातच. तीन वर्षं माझ्याकडे कोणी आलेलं नाही."

पोळं त्यानंतरच्या शनिवारी, ईश्वरी आल्यावर, मांगेवाडीच्या काजूबागेत हलवायचं ठरलं होतं. मी म्हटलं, हळदीकुंकू पुढे ढकल. ती म्हणाली, सप्तमी पुढे ढकलता येते होय? शेवटी ईश्वरीने अटी घातल्या. पेरूभोवती दहा पावलांवर दोरी. उदबत्ती नाही, पावडर नाही, अत्तर नाही, कसलाच उग्र वास नाही. लक्ष कोण ठेवणार? मी.

*

सप्तमीला दुपारी चारला बायका जमल्या. पंधराएक जणी, रंगीत साड्या, परसाच्या पार पलीकडच्या टोकाला खुर्च्या. वाण म्हणून चहाच्या गाळण्या. रंजनाने तेल लावलं होतं, वरून नवी साडी, आणि तीन वर्षांत पाहिलं नव्हतं असं तिचं तोंड फुललं होतं. मी दोरीपाशी पहारेकऱ्यासारखा उभा.

तेवढ्यात माझी थोरली बहीण आली. आक्का. वय सत्तर, दोन्ही गुडघे कामातून गेलेले, जीभ मात्र शाबूत.

"उत्तम, तू काय करायलास हितं? हळदीकुंकवात बापयमाणसाचं काय काम? जा बाहीर."

"आक्का, पोळ्यावर लक्ष ठेवायला—"

"लक्ष आम्ही ठिवतो. बायका मोकळ्या बसायच्या हायत. जा म्हणते न्हवं!"

एकसष्ट वर्षांचा मी, तिच्यापुढे अजून चड्डीतला. बाकीच्या बायकाही तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. मी मुकाट्याने पुढच्या अंगणात जाऊन बसलो. अत्तराचं तिला सांगायचं राहून गेलं. खरं सांगायचं तर राहून गेलं नाही, धीर झाला नाही.

पंधरा-वीस मिनिटं आतून हसण्याचे आवाज येत होते. मग वाऱ्याबरोबर वास आला. गोड, दाट, पिकल्या फणसाचा.

माघ महिन्यात फणस?

मी उठलो तोवर पहिली किंकाळी आली होती. मागे काय झालं होतं ते नंतर कळलं. अत्तर नाही बघून आक्काला चैन पडेना. "अत्तराबिगर कसलं हळदीकुंकू?" म्हणून तिने पिशवीतून कुपी काढली. मुलाने सावंतवाडीहून आणलेलं नव्या फॅशनचं फणसाचं अत्तर. हौसेने स्वतःच्या दोन्ही हातांना चोळलं, शालीला लावलं, आणि पुढच्या बाईचा हात धरणार तेवढ्यात पेरूवरचं पोळं उठलं.

मी धावत परसात आलो. बायका घरात पळाल्या होत्या. आक्काला खुर्चीतून उठता येईना. ती दोन्ही हातांनी तोंड झाकून बसली होती, त्याच अत्तराच्या हातांनी, आणि तिच्याभोवती माश्या घोंगावत होत्या. माझ्या डोक्यात दुसरं काही आलंच नाही. न्हाणीमागे गेलो, टेंभा काढला, पेटवला. तेल जुनं होतं, पण भडकलं. टेंभा घेऊन मी पेरूकडे निघालो.

मध्ये रंजना उभी होती. घरात पळाली नव्हती ती.

"खाली ठेवा."

"बाजूला हो! आक्का मरेल!"

"खाली ठेवा म्हणते! मागच्या खेपेला माझं केलंत तेच आक्कांचं करणार आहात का?"

मी थांबलो. हातात टेंभा जळत होता, चिंधीचे जळते तुकडे पायाशी पडत होते. मागच्या खेपेला. तिला माहीत होतं. मी शेजारच्या बादलीत टेंभा खुपसला. चर्र आवाज झाला.

रंजनाने तेलाची बाटली तळहातावर ओतली आणि आधी माझं तोंड माखलं, सगळ्या बायका खिडकीतून बघत असताना. "अत्तराची कुपी उचला, शाल काढा, घमेल्याखाली झाका," ती म्हणाली आणि आक्काकडे चालत गेली. पळाली नाही, हात झाडले नाहीत. एक माशी तिच्या गालावर बसली, मिशा टेकवल्या. उडाली. रंजनाने आपला पदर आक्काच्या डोक्यावरून घेतला, तिला पोटाशी धरलं आणि उरलेलं सगळं तेल तिच्या हातांवर, मानेवर, केसांवर चोळलं. मी शाल ओढली, कुपीचं बूच लावलं, दोन्ही घमेल्याखाली दडपलं, कडांना माती लोटली. माझ्याही मानेवर दोघी-तिघी बसून गेल्या. एकीनेही डंख मारला नाही.

हळूहळू आवाज कमी झाला. दोन मिनिटं, फार तर तीन. माश्या पेरूकडे परतल्या. परसात सांडलेल्या गाळण्या, तिळगूळ आणि पदराखाली त्या दोघी.

पदरातून आक्काचा आवाज आला, "गेल्या का गं?"

*

आक्काला सात डंख होते. तिला वावडं नव्हतं, तरी गडहिंग्लजला नेऊन दोन तास ठेवून घेतलं. सुजलेल्या तोंडाने ती नर्सला सांगत होती, "माझ्या पोराच्या अत्तराला येवढं गिऱ्हाईक आजवर कधी आलं न्हाई." रंजनाला ओरखडासुद्धा नव्हता. जिला दोन डंख पुरेसे होते, ती त्या सगळ्या घोंगावण्यात सर्वांत सुरक्षित होती.

दवाखान्याच्या बाकावर मी तिला म्हणालो, "कधीपासून माहीत होतं?"

"त्याच सकाळपासून. तुम्हाला रिटायर होऊन वर्ष झालं होतं, आणि शर्टाला ट्रान्सफॉर्मरच्या तेलाचा वास. तीस वर्षं तो वास धुतलाय मी. साबण लावला तरी गेला नाही. तोच वाळत घालत होते."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही सांगाल म्हणून." मग म्हणाली, "माश्यांचा राग नव्हता आला मला. तुम्ही सगळ्यांना सांगत सुटलात ना, की कारण नव्हतं, त्याचा आला होता."

मी माफी मागितली. तिथेच, मोठ्याने, औषधाच्या खिडकीपुढच्या रांगेतले लोक वळून बघतील इतक्या मोठ्याने. तिने माझ्या कानामागे राहिलेलं तेल पदराने पुसलं. त्या रात्री मी ईश्वरीलाही फोन करून सगळं सांगितलं. तिला रडू आलं, मग ती रागावली, मग म्हणाली, "शनिवारी पोळं तुम्हीच उचलायचं."

शनिवारी दिवे लागायच्या सुमारास, बहुतेक माश्या घरी परतल्यावर, मीच उचललं. तेल लावलेला हात, फांदीखाली पांढरी कापडी पिशवी, वरून हलकेच कात्री. मांगेवाडीच्या बागेत झाडाला बांधलं. परतताना वाटलं, झालं.

"झालं नाही," ईश्वरी म्हणाली. "उद्या सकाळी मागे राहिलेल्या येतील."

तिने पोळ्याचा एक छोटा तुकडा काढून ठेवला होता. तो एका जाळीच्या डब्यात घातला आणि डबा माझ्या हातात दिला. त्या यात उतरल्या की त्यांनाही बागेत नेऊन सोडायचं.

रविवारी सकाळी सातला मी पेरूखाली खुर्ची टाकून मांडीवर तो डबा उघडा धरून बसलो. पहिली आली ती रिकाम्या फांदीभोवती फिरली, फिरली, फांदीवर टेकली, पुन्हा उडाली. घर शोधत होती. तीन वर्षांपूर्वीही अशाच आल्या असतील, आणि त्यांना सापडला तो माझा शर्ट. मग तिला वास लागला आणि ती डब्यात उतरली. मागून दुसरी.

मागचं दार उघडलं. रंजना तेल लावून धुण्याची बादली घेऊन आली. परसातली जुनी दोरी तिने ओल्या फडक्याने पुसली, मग एक एक कपडा झटकून वाळत घालायला लागली. माझी खुर्ची बरोबर ती आणि पेरू यांच्या मध्ये होती. मी ती तशीच मुद्दाम ठेवली होती. बादलीतला शेवटचा कपडा माझा सदरा होता. तिने तो नाकाशी नेला, हुंगला आणि दोरीवर टाकला.

"किती आल्या?" तिने चिमटा लावत विचारलं.

"अकरा."

तिने फांदीकडे पाहिलं. उन्हं वर यायला लागली होती.

"थांबा अजून," ती म्हणाली. "एखादी राहिली असेल. मी चहा आणते इथंच."